तुळशीच्या पानातले अत्तरवाले

लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला, भाऊबीजेची ओवाळणी पदरात पडली, फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या घरी एका निराळ्याच लग्नाची घाई सुरू होते. वधू घरचीच आणि वर ठरलेलाच, त्यामुळे पत्रिका पाहण्याचा किंवा देण्याघेण्याचा प्रश्न येत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणतीही संध्याकाळ चालते. उसाचे खोपटे, बोरे, चिंचा, आवळे आणि एक अंतरपाट एवढे जमले की तयारी झाली.

तथापि गेल्या वर्षी या लग्नात वधू कोणती, यावरूनच वाद झाला. आमच्या गॅलरीत तुळशीच्या दोन कुंड्या आहेत. एकीतले रोप आईने कोकणातल्या घरच्या वृंदावनातून पिशवीत घालून आणलेले. दुसरे मी कोपऱ्यावरच्या नर्सरीतून विकत घेतलेले. दुसरे रोप अधिक टवटवीत होते, म्हणून मी तीच कुंडी पाटावर ठेवली. आईने दोन्ही रोपांवरून हलकेच हात फिरवला, बोटे नाकाशी नेली आणि म्हणाली, "ही नको. गावच्या तुळशीला लवंगेचा वास आहे. हिचा वास वेगळाच आहे. दिसायला तुळस, पण आपली नव्हे."

मी हसलो. ऐंशी उलटलेल्या माणसाचे नाक कितीसे भरवशाचे, असा माझा हिशेब होता. परंतु पुण्याला जैवतंत्रज्ञान शिकणारी माझी पुतणी सुट्टीला आलेली होती. ती हसली नाही.

"काका, आजीचं नाक बरोबर सांगतंय," ती म्हणाली. "दोन तुळशींच्या तेलात खरंच फरक असतो. आणि तो फरक करणारी जनुकं शास्त्रज्ञांनी वेगळी काढलीसुद्धा आहेत."

आईचा हात थांबला. "वेगळी काढली? म्हणजे मग तुळशीत राहिलं काय?"

पुतणी या प्रश्नावर क्षणभर गोंधळली, आणि खरे सांगायचे तर मीही गोंधळलो. कारण प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जनुक वेगळे काढतात म्हणजे नेमके काय करतात? त्याने रोपाचे काही कमी होते का? आणि एकदा ते काढले, की ते मालकीचे कोणाच्या होते? त्यानंतरचे काही महिने सवड मिळेल तसे मी या विषयावर वाचले, पुतणीला पत्रासारखे लांबलचक निरोप पाठवून पिडले, आणि आईला समजेल अशा शब्दांत उत्तर जुळवीत गेलो. तेच उत्तर वाचकांपुढे ठेवीत आहे.

पानावरचे बुधले

तुळशीचे पान बोटांनी चुरगळले की वास येतो. नुसते दुरून पाहिले तर फारसा येत नाही. असे का व्हावे? पान चांगल्या भिंगाखाली धरले म्हणजे उलगडा होतो. पानाच्या पृष्ठभागावर जागोजाग अगदी बारीक, चकचकीत ठिपके दिसतात. हा एकेक ठिपका म्हणजे एक ग्रंथी. त्यांतल्या मोठ्या ग्रंथींच्या डोक्याशी चार पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, आणि त्यांच्यावर पातळ पडद्याची पिशवी ताणलेली असते. पेशी तेल तयार करतात आणि या पिशवीत साठवतात. आपण पान चोळतो तेव्हा पिशव्या फुटतात आणि तेल हवेत उडते. तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखे हे तेल नव्हे. कागदावर थेंब टाकला तर काही वेळाने उडून जाणारे, डाग न ठेवणारे असे हे सुगंधी तेल.

या तेलात एकच द्रव्य नसते, अनेक असतात. त्यांतले आपल्या ओळखीचे म्हणजे युजेनॉल. नाव परके वाटले तरी वास परका नाही. लवंगेच्या तेलात सर्वांत मोठा वाटा याच द्रव्याचा असतो. दाढ ठणकू लागली की आपण लवंग धरतो तो याच्याच बळावर. आणि दाताचे डॉक्टर पोकळीत जो तात्पुरता मसाला भरतात, त्यात जस्ताच्या भस्माबरोबर युजेनॉलच कालवलेले असते. आईला गावच्या तुळशीत लवंग भेटली ती उगीच नव्हे.

रोप हे तेल आपल्यासाठी करीत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. रोपाला पळता येत नाही आणि हातही उगारता येत नाही. पाने कुरतडणारे किडे आणि पानावर रुजू पाहणारी बुरशी यांना दूर ठेवण्यासाठी त्याने उभारलेला हा पहारा आहे. त्या पहाऱ्याचा वास आपल्याला आवडला, एवढेच.

वहीतली कृती आणि स्वयंपाकघरातली चिठ्ठी

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. तिच्याजवळ पाककृतींची एक जुनी वही आहे. गेल्या दिवाळीत पुतणीने तीतून अनारशांची कृती आपल्या वहीत उतरवून घेतली. त्यामुळे आईची वही कोरी झाली नाही, आणि आईचे अनारसेही बिघडले नाहीत. जनुक वेगळे काढणे हे बरेचसे असे आहे.

रोपाच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाची एक लांबच लांब वही असते. ती चारच अक्षरांत लिहिलेली आहे. तुळशीच्या वहीत अशी सुमारे ३७-३८ कोटी अक्षरे भरतात. त्यांतला एखादा मजकूर म्हणजे एक जनुक, आणि तो बहुधा एका एन्झाइमची कृती असतो. एन्झाइम म्हणजे पेशीतला कारागीर. प्रत्येकाचे काम ठरलेले: एक जोडतो, दुसरा तोडतो, तिसरा या टोकाचे त्या टोकाला लावतो.

गंमत अशी की, मुळातल्या पेशीजवळ आणि पानावरच्या ग्रंथीजवळ वही तीच असते. परंतु प्रत्येक जण आपल्या कामापुरतीच पाने उघडतो. जे पान उघडले त्याची नक्कल एका चिठ्ठीवर उतरते आणि ती चिठ्ठी पेशीच्या स्वयंपाकघरात जाते. या चिठ्ठीला आरएनए म्हणतात. तेव्हा सुगंधाची कृती हवी असेल तर कोट्यवधी अक्षरांची सगळी वही चाळण्यापेक्षा सुगंध जिथे शिजतो तिथल्या चिठ्ठ्या गोळा करणे शहाणपणाचे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एरान पिचर्स्की, डेव्हिड गँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. त्यांनी घेतली तुळशीची सख्खी चुलत बहीण. जिचे बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा. कोवळी पाने बर्फासारख्या गार द्रवात घालून काचेच्या अतिसूक्ष्म मण्यांबरोबर घुसळायची; म्हणजे ग्रंथी पानावरून खुडल्या जातात. मग बारीक जाळीच्या चाळण्यांतून गाळून त्या वेगळ्या करायच्या. त्यांतल्या चिठ्ठ्या काढून त्यांची टिकाऊ नक्कल करायची आणि एकेक वाचायची. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून हे स्पष्ट झाले की, ही सुगंधी द्रव्ये पानावरच्या ग्रंथींतच साठतात आणि ती घडविणारे कारागीरही तिथेच काम करीत असतात.

पण चिठ्ठी हाती आली म्हणजे कृती कळली असे नाही. ती कशाची, हे शिजवून पाहिल्याशिवाय कसे समजणार? म्हणून ती नक्कल ई. कोलाय या जिवाणूच्या अंगात घालतात. जिवाणू बिचारा भाषेचा विचार करीत नाही. जी कृती दिली तिच्याप्रमाणे कारागीर घडवतो. मग त्या कारागिरापुढे कच्चा माल ठेवायचा आणि काय तयार होते ते यंत्रावर तपासायचे. युजेनॉल निघाले तर चिठ्ठी युजेनॉलची. जनुक 'वेगळे काढले' असे म्हणतात ते या टप्प्यानंतर.

एवढे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे उतरवून घेतलं म्हण ना. काढलं कशाला म्हणता?" शास्त्रज्ञांच्या भाषेविषयी तिचे काही गैरसमज असतील, पण हा आक्षेप मला रास्त वाटतो.

हातात नारळ दिलेला पाहुणा

युजेनॉलची कृती शोधताना शास्त्रज्ञांना एक कोडे अनेक वर्षे छळीत होते. त्याचा कच्चा माल कोनिफेरिल अल्कोहोल हा असावा, असे रचनेवरून दिसत होते. हे द्रव्य झाडांना काही नवे नाही. त्याच्यापासून लिग्निन तयार होते आणि लिग्निनमुळे लाकडाला कणखरपणा येतो. तुळशीची काडी वाळल्यावर मण्यांची माळ करण्याइतकी टणक होते, त्यात याचाच हात. म्हणजे ज्या मालातून रोप आपली काठी घडवते, त्याच मालातून ते आपले अत्तरही काढते!

परंतु हिशेब जुळत नव्हता. कोनिफेरिल अल्कोहोलच्या एका रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि युजेनॉलच्या रेणूत दोन. एक ऑक्सिजन जातो कुठे आणि कसा? हा ऑक्सिजन आपल्या जागी घट्ट बसलेला असतो, सहजासहजी उठत नाही.

उत्तर मिळाले २००६ साली. ताकाओ कोएदुका, पिचर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सब्जातून आणि बागेतल्या पेटुनियाच्या फुलातून दोन जनुके वेगळी केली आणि कोडे सुटले. रोप त्या ऑक्सिजनला हाताला धरून उठवीत नाही. आधी एक कारागीर येतो आणि त्या ऑक्सिजनला अ‍ॅसिटेटचा एक तुकडा जोडतो. आपल्याकडे नको असलेल्या माणसाच्या हातात नारळ देतात ना, तसेच हे! नारळ हाती आला की पाहुणा उठायला तयार होतो. मग दुसरा कारागीर, ज्याचे नाव युजेनॉल सिंथेज, त्याला वाटेला लावतो आणि रेणूत एक हायड्रोजन बसवतो. झाले युजेनॉल तयार. पेटुनियातला कारागीर हाच उद्योग करतो, पण हायड्रोजन दुसऱ्या टोकाला बसवतो. त्यामुळे तिथे आयसोयुजेनॉल होते. अणू तेवढेच, मांडणी निराळी, आणि वासही निराळा.

एका मण्याचा फरक

आता आमच्या दोन कुंड्यांचे भांडण. काही तुळशींत काम युजेनॉलपाशी थांबते. काहींत मात्र तिसरा कारागीर हजर असतो. तो तयार युजेनॉलला एक लहानशी मिथिलची टोपी चढवतो आणि त्याचे मिथिल युजेनॉल करून टाकतो. लवंगेचा तिखटपणा मावळतो. वास अधिक सौम्य, गोडसर होतो.

या टोपीवाल्या कारागिराची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटली. मिशिगनच्या मंडळींनी २००२ साली सब्जातून असे दोन कारागीर वेगळे केले. एकाला युजेनॉल प्रिय. दुसरा टोपी चढवतो ती चॅविकॉल नावाच्या, अंगाने किंचित लहान अशा द्रव्याला, आणि त्याचा वास बडीशेपेच्या अंगाने जातो. दोघेही कारागीर म्हणजे सुमारे साडेतीनशे मण्यांच्या माळा, आणि शंभरातले नव्वद मणी दोघांचे अगदी सारखे. मग आवड वेगळी का? शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की एकाच मण्यावर सारे अवलंबून असावे. त्या जागी मोठा मणी असला की अंगाने मोठे युजेनॉल आत बसत नाही. लहान मणी असला की बसते. त्यांनी दोन्ही माळांत तो एकेक मणी बदलून पाहिला, आणि काय आश्चर्य! दोघांची आवड उलटी झाली. साडेतीनशेतल्या एका मण्याने हा पालट केला.

सब्जाची ही हकीकत झाली, पण आपल्या अंगणातल्या तुळशीचे काय? तिची सारी वही वाचण्याचे काम भारतातच झाले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील आणि लखनौच्या 'सीमॅप' म्हणजे केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिच्या जीनोमचे आराखडे २०१५ साली प्रसिद्ध केले. आणि २०१६ साली आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, जिला पुणेकर पाषाण रस्त्यावरची 'एनसीएल' म्हणून ओळखतात, तुळशीच्या कुळातील पाच जातींचा पान-मंजिरीनिशी हिशेब मांडला. अशोक गिरी, एच. व्ही. तुलसीराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम. तुळशीच्या संशोधकांत तुलसीराम असावेत हा योगायोगही नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

त्यांना काय आढळले? युजेनॉल सिंथेजचे जनुक चार जातींतून वेगळे केले, तर ते कमी युजेनॉलच्या जातीतही होतेच. फरक होता तो दोन गोष्टींत: चिठ्ठ्या किती निघतात आणि कारागिराचा हात किती चपळ आहे. ज्या जातीत दोन्ही भरपूर, तिथे युजेनॉल भरपूर. अंगणातल्या तुळशीत टोपीवाल्याच्या चिठ्ठ्या जास्त, तिथे मिथिल युजेनॉल जास्त. आणि या चिठ्ठ्या सर्वांत अधिक कुठे निघतात? कोवळ्या पानांत आणि मंजिरीत. हे वाचून दाखवले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मंजिरीला वास जास्त असतो हे पूजेला बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे." मी पुढे वाचू लागलो.

आंब्याची राखण

एवढ्याशा टोपीने असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. त्याला आंबा आणि पेरू पिकवणारा बागाईतदार उत्तर देईल. फळमाशी ही त्याची मोठी वैरीण. ती फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ सुरेख, कापले की आत अळ्या. या माशीच्या नराला मिथिल युजेनॉलचे विलक्षण वेड आहे. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली सिट्रोनेला तेलाच्या वासावर या माश्यांचे नर गोळा होतात हे नोंदवले, आणि पुढे त्यामागचे द्रव्य मिथिल युजेनॉल असल्याचे दाखवले. १९६० च्या दशकात पॅसिफिक महासागरातील रोटा नावाच्या छोट्या बेटावर मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक यांत भिजवलेले तुकडे टाकून नर संपवले गेले. नर नाहीत म्हणून पुढची पिढी नाही, आणि बेट फळमाशीपासून मुक्त झाले.

आज आपल्याकडच्या आमराईत आणि पेरूच्या बागांत प्लॅस्टिकचे सापळे टांगलेले दिसतात. त्यांच्या आत बहुधा हेच द्रव्य असते. झाडावर विषाची फवारणी न करता माशी आवरता येते, हा त्यांचा मोठा गुण. तुळशीची चेचलेली पानेही या नरांना ओढून घेतात. अर्थात ज्या तुळशीत टोपीवाला कारागीर जागा आहे, तिचीच. लवंगी वासाच्या तुळशीकडून हे काम तितके साधणार नाही.

बाटलीतली तुळस

पण जी टोपी आंब्याला उपकारक, ती माणसाच्या पोटात कितपत चालेल? इथे घरोघरच्या गृहिणींनी जरा लक्ष द्यावे. उंदरांवरील प्रयोगांत मिथिल युजेनॉलच्या मोठ्या मात्रेने कर्करोग झाल्याचे दिसून आले आहे. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे शुद्ध मिथिल युजेनॉल स्वाद म्हणून खाद्यपदार्थांत मिसळता येत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२३ साली त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' अशा गटात घातले.

हे वाचून कोणी कुंडी उचलून बाहेर ठेवू नये! गट ठरतो तो द्रव्याच्या स्वभावावरून. अपाय होणे न होणे मात्रेवर असते. तीर्थातले एक पान, काढ्यातली चार पाने यांत द्रव्य असून असून असणार किती? काळजी आहे ती बाटलीची. अलीकडे 'तुळशीचा अर्क', 'तुळशीचे तेल' अशा बाटल्या दुकानोदुकानी मिळतात. तेलाच्या एका लहान बाटलीसाठी ढीगभर पाला लागतो. म्हणजे ढीगभर पाल्यातले सारे बरेवाईट त्या बाटलीत एकवटते. बाटलीवर नाव तुळशीचेच. पण ती लवंगी तुळस की टोपीची तुळस, हे सांगणारी चिठ्ठी क्वचितच असते. युजेनॉल म्हणजे निर्भेळ अमृत, असेही नाही. लवंगेचे तेल लहान मुलाच्या पोटात जास्त गेले तर यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदली आहेत. तेव्हा तेलाची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, आणि वैद्य-डॉक्टरांना विचारल्याखेरीज पोटात घेऊ नये.

जनुकाचा शोध उपयोगी पडतो तो इथे. रंगावरून, म्हणजे काळी की हिरवी यावरून, तेल ओळखण्यावर विसंबता येत नाही. तेल काढून यंत्रावर तपासले तर त्या दिवशीचे तेल कळते. पण ऋतू बदलला, रोप जून झाले, की प्रमाण बदलते. जनुके आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाचता आल्या, की या रोपाची मुळातली कुवत काय, ते कोणत्या वाटेने जाणारे आहे, हे बरेच आधी समजू शकते. मग औषधासाठी लावायची ती एक निवडावी, सापळ्यासाठी लावायची ती दुसरी. लखनौच्या 'सीमॅप'ने युजेनॉल भरपूर असलेली 'सिम-आयु' नावाची तुळस शेतकऱ्यांसाठी तयार केलेली आहेच. अशी निवड अधिक डोळसपणे करता यावी, हा या संशोधनाचा खरा लाभ. जिवाणूंकडून टाक्या भरभरून युजेनॉल करवून घेण्याची कल्पना ऐकायला भव्य वाटते. परंतु लवंगेच्या झाडाच्या पानांपासून ते पुष्कळ आणि स्वस्त मिळत असताना तो खटाटोप कशाला?

तुळस कोणाची?

राहिला मालकीचा प्रश्न. अनारशांची कृती उतरवून घेतल्याने वही कोरी होत नाही, हे खरे. परंतु ज्याने कृती उतरवली तो उद्या उठून म्हणाला, की ही कृती माझी, आता अनारसे करायचे तर मला पैसे द्या, तर? ही भीती काल्पनिक नाही. हळदीने जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल पुढे केले आणि १९९७ साली ते रद्द करवून घेतले. त्या वेळी परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

त्यानंतर बरीच दारे लावली गेली. भारताच्या पेटंट कायद्याप्रमाणे वनस्पती, तिचे भाग, बियाणे किंवा निसर्गात असलेल्या वस्तूचा नुसता शोध यांवर पेटंट मिळत नाही. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने इथल्या वनस्पतींवर संशोधन करून त्यावर हक्क मागणाऱ्याला परवानगीची आणि लाभात वाटा देण्याची अट घातली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली निकाल दिला, की निसर्गातले जनुक केवळ वेगळे काढले म्हणून कोणाच्या मालकीचे होत नाही. मात्र त्याच निकालाने चिठ्ठीवरून प्रयोगशाळेत केलेल्या नकलेला पेटंटची वाट मोकळी ठेवली. म्हणजे दार लागले, पण खिडकी उघडी राहिली. म्हणूनच तुळशीची वही आपल्या प्रयोगशाळांनी वाचून सर्वांसाठी प्रसिद्ध करणे याला महत्त्व आहे. जे जगजाहीर आहे, त्यावर 'हे मी प्रथम शोधले' असा दावा करणे कठीण जाते.

शिवाय वही वाचता आली तरी वह्या जपायला नकोत का? प्रयोगशाळेने वाचल्या त्या मोजक्या रोपांच्या वह्या. कोकणातल्या एकेका वृंदावनात, एकेका परसात पिढ्यान्‌पिढ्या बी पडून उगवत आलेल्या तुळशींचे काय? त्यांत कोणता मणी बदललेला आहे, कोणता कारागीर अधिक चपळ आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही. घर बंद पडले, वृंदावन ढासळले, की ती वही न वाचताच मिटते. नर्सरीतली टवटवीत रोपे तिची जागा घेतात, आणि फरक कळायला आमच्या आईसारखे नाक लागते.

हे सारे मी आईला सांगून संपवले तेव्हा ती वाती वळीत होती. तिने विचारले, "मग माझं बरोबर होतं की तुझं?"

"तुझं," मी म्हणालो.

"मग यंदा गावची तुळस पाटावर ठेवायची. आणि तिच्या मंजिरीचं बी पोरीला पुडीत बांधून दे. तिच्या खोलीला खिडकी आहे म्हणाली होती."

मला एक प्रयोग करून पाहायचा होता. दोन्ही कुंड्यांतले एकेक पान तोडून, चुरगळून, डोळे मिटून ओळखायचे. मी हात पुढे केला तशी आई ओरडली, "आज द्वादशी आहे! तुळस तोडतात का?"

तेव्हा वाचकहो, प्रयोग आपणही दुसऱ्या दिवशीच करावा. नाही तर मातीवर गळून पडलेले पान घ्यावे. त्यातही थोडे अत्तर शिल्लक असते.